पालथ्या बाजूचं रसग्रहण

गुडघेबदलाचं इम्प्लांट डॉक्टरांच्या टेबलावर मांडलेलं असतं, तेव्हा दाखवणारा ते हातात घेऊन वाकवून दाखवतो. मांडीच्या हाडाच्या टोकावर चढणारं चकचकीत धातूचं आवरण, त्याखाली पॉलिएथिलिनची पांढरी गादी, आणि गादीखाली नडगीच्या हाडावर बसणारा धातूचा सपाट ट्रे. बघणाऱ्याची नजर घसरत्या, वाकत्या भागावरच खिळते. ट्रे उलटा करून सहसा कुणी दाखवत नाही आणि कुणी मागतही नाही.

सिमेंटशिवाय बसवायच्या ट्रेची ही पालथी बाजू करडी, बिनचमकीची आणि हाताला खरखरीत लागणारी असते. मधोमध खाली उतरणारी पाती, सर्जनच्या भाषेत कील. तिच्याभोवती बहुधा चार आखूड खुंट्या. आणि सगळ्या सपाटीभर जेमतेम दिसतील अशी छिद्रं. एकदा ट्रे बसला की ही बाजू पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडायची नाही. पडली तर ट्रे काढायची वेळ आली असं समजायचं. गुडघा किती वर्षं टिकणार याचा बराचसा निकाल मात्र इथेच लागतो. तिच्यावर विनाकारण असं काहीही नाही, म्हणून एखाद्या बांधेसूद कवितेसारखी ती ओळीओळीने वाचता येते.

वाचायच्या आधी तिच्या प्रतिस्पर्ध्याची ओळख हवी. हाडाचं सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. शस्त्रक्रियागृहात पूड आणि द्रव कालवून त्याचा लगदा करतात, कापलेल्या हाडावर तो दाबतात, त्यावर ट्रे ठोकून बसवतात. दहा-पंधरा मिनिटांत लगदा कडक होतो. नावामुळे गैरसमज होतो, पण ते हाडाला डिंकासारखं चिकटत नाही. ते हाडाच्या जाळीत दोन-चार मिलिमीटर शिरतं आणि तिथे घट्ट होऊन अडकून बसतं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या सांध्यासाठी ते रूढ केलं. त्यांच्या रायटिंग्टन रुग्णालयात शिकायला आलेले कॅनडाचे फ्रँक गन्स्टन यांनी १९६८ मध्ये ते गुडघ्यात नेलं. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांचा टोटल कॉन्डायलर गुडघा आला आणि आजच्या गुडघ्याचा साचा ठरून गेला. यांतले राणावत आपल्याकडे माहीत झाले ते २००० मध्ये, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात केली तेव्हा.

म्हणजे प्रतिस्पर्धी तगडा आहे. सिमेंटचे गुडघे वीस-वीस वर्षं चालले आहेत, आणि जगात आजही बहुसंख्य गुडघे सिमेंटनेच बसतात. सिमेंटचा सगळा जोर पहिल्या दिवशी असतो. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाय टेकतो, तेव्हा ती पकड तिच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम अवस्थेत असते. पण तो निर्जीव पदार्थ आहे. लाखो पावलांचा ताण घेत तो थकतो, आणि त्याला एकदा तडा गेला की तो सांधण्याची सोय त्याच्यात नाही. सिमेंटशिवायच्या ट्रेचं उलटं: त्याची पकड पहिल्या दिवशी सर्वांत कच्ची असते. पुढे ती हाडाची होते, आणि हाड झिजतं तसं स्वतःला नव्याने घडवतही राहतं. पालथ्या बाजूवरची प्रत्येक रेघ, प्रत्येक छिद्र पहिल्या दिवसापासून त्या पुढच्या पकडीपर्यंतचा कच्चा काळ निभावून नेण्यासाठी आहे. एवढं ध्यानात ठेवलं की तिचा अर्थ लागत जातो.

सुरुवात छिद्रांपासून. पहिल्या पिढीच्या ट्रेवर ही छिद्रं कोरलेली नव्हती. कोबाल्ट-क्रोमचे बारीक मणी ट्रेच्या पाठीवर पसरून भट्टीत इतके तापवायचे की ते वितळणार नाहीत, पण जिथे एकमेकांना टेकतात तिथे एकजीव होतील. राजगिऱ्याच्या लाडवात दाणे टेकलेल्या टोकांवरच धरलेले असतात आणि मधे पोकळ्या राहतात, तशी ही रचना. फक्त इथे गूळ नाही, धातूनेच धातूला धरलं आहे. पोकळ्या एकमेकींना आतून जोडलेल्या असतात. एका तोंडाने आत गेलेलं हाड दुसरीकडून बाहेर येऊ शकतं, आणि असं गुंतलेलं हाड मग ओढून निघत नाही.

पोकळी किती मोठी ठेवायची? टोरांटोच्या बॉबिन, पिलियर, कॅमेरॉन आणि वेदरली यांच्या १९८० च्या शोधनिबंधाने याचं उत्तर दिलं. कुत्र्यांच्या मांडीच्या हाडात त्यांनी चार वेगवेगळ्या मापांच्या छिद्रांचे धातूचे तुकडे बसवले. सगळ्यांत बारीक गट २० ते ५० मायक्रॉनचा, सगळ्यांत मोठा ४०० ते ८०० चा. चार, आठ आणि बारा आठवड्यांनी तुकडे काढून ते हाडातून ढकलून बाहेर काढायला किती जोर लागतो ते मोजलं. ५० ते ४०० मायक्रॉनच्या छिद्रांनी कमीत कमी काळात, म्हणजे आठ आठवड्यांत, सर्वांत जास्त पकड दिली: १७ मेगापास्कल. चौरस सेंटिमीटरला हा जोर सुमारे १७० किलो भरतो.

या निष्कर्षाला दोन्हीकडून मर्यादा आहे, आणि त्याची गोडी तिथेच आहे. फार अरुंद छिद्रात हाड राहू शकत नाही, कारण हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्याला रक्तवाहिनी लागते, रक्तवाहिनीभोवती हाड रचणाऱ्या पेशी लागतात, आणि या सगळ्या संसाराला जागा लागते. फार रुंद पोकळीत जागेची अडचण नाही, पण ती भरून काढायला वेळ लागतो, आणि कच्च्या काळात वेळ हीच तर महागाची गोष्ट. संशोधकांनी फक्त ताकद मोजली असती तर उत्तर कदाचित निराळं आलं असतं. ताकदीबरोबर आठवडे मोजले, म्हणून त्यांच्या आकड्यात हाडाचा स्वभाव उतरला.

दुसरी ओळ १९८६ ची, आणि ती छिद्रांपेक्षा महत्त्वाची आहे. पिलियर, ली आणि मॅनिॲटोपोलस यांनी निरनिराळ्या प्रयोगांतली निरीक्षणं एकत्र मांडली. बसवलेला धातू हाडाच्या तुलनेत किती हलतो यावर आत काय उगवणार हे ठरतं, असं त्यांना दिसलं. सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतची हालचाल हाड खपवून घेतं आणि छिद्रांत शिरतं. हालचाल १५० मायक्रॉन किंवा त्याहून जास्त झाली की छिद्रं भरतात खरी, पण हाडाऐवजी तंतुमय ऊतीने. तशी ऊती म्हणजे धातू आणि हाड यांच्यामधला एक लवचीक पडदा. तो धरून ठेवतो, पण घट्ट धरत नाही; प्रत्येक पावलाला थोडा दबतो, थोडा सुटतो. काही रुग्णांना तो वर्षानुवर्षं पुरतो, काहींच्या गुडघ्यात त्याचंच दुखणं होऊन बसतं.

दीड दशांश मिलिमीटर. हाड आणि पडदा यांतलं अंतर एवढंच आहे. त्यातही ते एका क्षणी ठरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत, रुग्ण वॉकर धरून घरातल्या घरात फिरत असताना ठरतं.

आता कील आणि खुंट्या कशासाठी ते कळतं. बर्लिनमध्ये काही रुग्णांच्या गुडघ्यात मोजयंत्र बसवलेले ट्रे घालून आतला भार मोजला गेला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट निघाला, जिना उतरताना जवळपास साडेतीन पट. आणि हा भार ट्रेच्या मध्यावर शिस्तीत पडत नाही. गुडघा वाकतो तसा तो मागच्या कडेकडे सरकतो, मग पुढची कड उचलली जाऊ पाहते. पाय आतल्या बाजूला वाकलेला असेल तर आतली कड दबते आणि बाहेरची वर येते. सपाट ट्रे नुसता ठेवला तर तो प्रत्येक पावलाला डुलेल. कील हाडात खोल जाऊन हे डुलणं अडवते. खुंट्या ट्रेला सरकू आणि फिरू देत नाहीत. हाडातली भोकं या भागांपेक्षा किंचित लहान ठेवलेली असतात, म्हणून ट्रे ठोकून बसवताना हाड त्यांच्याभोवती दाबलं जातं. सर्जन याला प्रेस-फिट म्हणतात. या सगळ्या यांत्रिक खटाटोपाचा उद्देश एकच, १५० मायक्रॉनच्या आत राहणं. हाड एकदा छिद्रांत शिरलं की खुंट्यांचं काम हलकं होतं. पुढे आपली गरज उरू नये यासाठीच झटणारी अशी योजना मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण ट्रे हे अर्धंच पान आहे. दुसरं अर्धं सर्जन करवतीने तयार करतो. कापलेली सपाटी जराशी उंचसखल असली तर सिमेंट ती सांभाळून घेतं. सिमेंटशिवाय ट्रे उंचवट्यांवर टेकतो आणि सखल भागावर अधांतरी राहतो. अधांतरी छिद्रात हाड पोचेलच असं नाही. करवतीच्या उष्णतेची तर वेगळीच काळजी. स्वीडनच्या एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांच्या हाडावर दाखवलं की ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाच्या घडणीला बाधा येते. म्हणून करवत चालू असताना सलाइनची धार सोडतात. ज्या हाडाने पुढे पकड घ्यायची, तेच भाजलं तर खुंट्या कितीही चांगल्या असून उपयोग नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे एरन हॉफमन यांनी आणखी एक युक्ती केली: रुग्णाच्याच कापून काढलेल्या हाडाचा बारीक चुरा नडगीच्या कापावर थापायचा आणि मग ट्रे बसवायचा. बारीक दऱ्या भरतात, आणि भरणारा माल परका नसतो.

रसग्रहणात गुणांबरोबर दोषही मांडायला हवेत, आणि या रचनेच्या पहिल्या आवृत्तीत ते बरेच होते. १९८० च्या दशकात बाल्टिमोरचे डेव्हिड हंगरफोर्ड आणि सहकाऱ्यांचा मणीदार पीसीए गुडघा, न्यू जर्सीचे ब्यूकेल आणि पॅपस यांचा एलसीएस, असे बिनसिमेंटचे गुडघे मोठ्या उमेदीने बसवले गेले. मांडीच्या हाडावरचा भाग बहुतेकांत नीट रुजला. तो हाडाला तीन-चार बाजूंनी कवेत घेतो, त्यामुळे हलायला जागाच कमी. नडगीवरचा सपाट ट्रे मात्र अडखळला. काढून तपासलेल्या ट्रेंमध्ये खुंट्यांभोवती हाड भरलेलं दिसे आणि सपाटीखाली मोठाल्या भागावर तंतुमय पडदा. १९८६ च्या निरीक्षणाची ही रुग्णांच्या शरीरात पटलेली खूण होती. काही ट्रेंना जास्तीच्या पकडीसाठी स्क्रू दिले होते. त्या स्क्रूंच्या भोकांतून पॉलिएथिलिनचे झिजलेले कण खाली हाडात उतरले आणि हाड पोखरलं गेलं. गुडघ्याच्या वाटीवर बसवायचे, पाठीला धातू लावलेले भाग तर फारच वाईट ठरले: धातूला जागा देण्यासाठी वरचं प्लॅस्टिक पातळ केलं, ते झिजून फाटलं आणि धातूवर धातू घासू लागला.

यात एक विचित्र उपरोध आहे. १९८७ मध्ये लिन जोन्स आणि हंगरफोर्ड यांनी इम्प्लांटभोवती हाड झडण्याला ‘सिमेंटचा रोग’ असं नाव दिलं. सिमेंट काढून टाकण्यामागचा तो मोठा युक्तिवाद होता. पुढे सिमेंट न लावलेल्या सांध्यांभोवतीही हाड तसंच झडलेलं सापडलं. मोठा दोषी पॉलिएथिलिनचे सूक्ष्म कण होते. ते गिळणाऱ्या पेशी चवताळतात आणि आजूबाजूचं हाड विरघळवतात. म्हणजे बिनसिमेंटच्या चळवळीला जोर मिळाला तो बराचसा चुकीच्या आरोपातून, आणि तिची बदनामी झाली तीही बरीचशी प्लॅस्टिकच्या दोषामुळे. मूळ कल्पना, हाडाला धातूत शिरू द्यायचं, या दोन्हींतून बाहेर पडून टिकून राहिली. पॉलिएथिलिन सुधारलं, स्क्रूंची भोकं बुजली, आणि पालथी बाजू नव्याने लिहिली गेली.

या पुनर्लेखनात बॉबिन पुन्हा भेटतात. १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र टँटलम या धातूची परीक्षा घेतली. इथे मणी नाहीत. बारीक काड्यांची जाळी आहे, आणि तिचा ७५ ते ८० टक्के भाग पोकळ. छिद्रांचं सरासरी माप एका प्रकारात ४३० मायक्रॉन, दुसऱ्यात ६५०. दोन्ही १९८० मध्ये त्यांनीच ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडची! तरीही चार आठवड्यांत ४२ ते ५३ टक्के पोकळी हाडाने भरली, आणि लहान छिद्रांच्या प्रकारात तेवढ्याच काळात पकड किमान १८.५ मेगापास्कल भरली. मण्यांना आठ आठवडे लागले होते.

म्हणून १९८० चा निबंध खोटा ठरला का? तसं वाचणं उथळ होईल. मण्यांच्या थरात पोकळी थोडी आणि वाटा अरुंद असतात. त्या बांधणीत ४०० ची मर्यादा खरीच होती. टँटलमच्या जाळीत खोल्या मोठ्या असल्या तरी दारं सगळीकडे उघडी आहेत, रक्ताला कुठूनही आत येता येतं. छिद्राचा आकार एकटा अर्थ सांगत नाही. तो कुठल्या रचनेत आला आहे यावर अर्थ ठरतो. हे कवितेच्या वाचकाला नवं नाही.

टँटलमच्या जाळीचा दुसरा गुण तिच्या मऊपणात आहे. भरीव कोबाल्ट-क्रोमचा ताठपणा दोनशे गिगापास्कलच्या वर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. हाडाचं टणक कवच पंधरा-वीसच्या घरात. जाळीचा ताठपणा तीनच्या आसपास येतो, म्हणजे टणक कवचापेक्षा कमी आणि आतल्या जाळीदार हाडापेक्षा जास्त. बर्लिनचे ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम असा की हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, आणि भार मिळाला नाही तर क्षीण होतं. फार ताठ ट्रे सगळा भार स्वतः घेतो आणि खालच्या हाडाला उपाशी ठेवतो. लवचीक जाळी भार पुढे पोचवते. आज बऱ्याच ट्रेंची पालथी बाजू टायटॅनियमच्या भुकटीचे थर एकावर एक जोडून, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगने तयार होते. जाळी कुठे दाट, कुठे विरळ, खुंटीवर किती, सपाटीवर किती, हे रचनाकाराला जागेवर ठरवता येतं. काही ट्रेंवर हाडातलंच खनिज असलेल्या हायड्रॉक्सिअपटाइटचा पातळ लेपही असतो.

एवढं झाल्यावर ट्रे रुजला हे ओळखायचं कसं? साध्या एक्स-रेवर खुंट्यांच्या टोकांशी हाड दाटलेलं दिसतं, किंवा ट्रेखाली काळसर रेघ दिसते, आणि दोन्हींवरून अंदाज बांधावा लागतो. नेमकं मोजमाप दिलं ते स्वीडनच्या लुंड शहरातल्या योरान सेल्विक यांनी, १९७४ च्या प्रबंधात. हाडात टँटलमचे सूक्ष्म मणी पेरायचे, दोन कोनांतून एकाच वेळी एक्स-रे काढायचे आणि ट्रे मण्यांच्या तुलनेत किती सरकला ते मिलिमीटरच्या अंशांत मोजायचं. त्याच शहरातले लाइफ रिड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या मोजमापातून एक कसोटी काढली: शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षात ट्रे ०.२ मिलिमीटरहून जास्त सरकला, तर तो पुढे ढिला होण्याची भीती मोठी.

पहिल्या वर्षाला या कसोटीने माफ केलं आहे, आणि ते बरोबरच आहे. सिमेंटशिवायचे ट्रे पहिल्या काही महिन्यांत सिमेंटवाल्यांपेक्षा जास्त सरकतात, हाडात थोडे बसतात, आणि मग थांबतात. पहिल्या महिन्यांचाच आलेख बघणारा त्यांना नापास करील. निकाल सरकण्यावर लागत नाही, थांबण्यावर लागतो.

संस्कृत काव्यशास्त्राने काव्य आस्वादायला सहृदय लागतो असं म्हटलं, आणि रसाची अर्धी जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. हा ट्रेही तशीच अट घालतो. घट्ट, रक्त चांगलं खेळणारं, भाराला उत्तर देणारं हाड समोर असेल तर ही रचना फुलते. म्हणून वय कमी असलेल्या, जास्त हालचाल करणाऱ्या, किंवा वजन जास्त असलेल्या रुग्णांमध्ये तिचा विचार होतो. त्यांच्या सिमेंटवर अनेक वर्षं मोठा ताण येणार असतो. हाड ठिसूळ झालं असेल, दाबल्यावर अंगठा रुतावा इतकं मऊ असेल, तर पहिल्या आठवड्यांची शांतता मिळणं अवघड. तिथे अनुभवी सर्जन सिमेंट कालवायला सांगतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. बऱ्याचदा हा निर्णय पक्का होतो तो हाड कापून बोटाने चाचपल्यावरच.

सिमेंटशिवायचा ट्रे श्रेष्ठ असा निवाडा मी देणार नाही. रुग्णांच्या बाबतीत दोन्हींचे निकाल पुष्कळदा सारखेच येतात. रसिक म्हणून माझा कौल मात्र या पालथ्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण तिची प्रामाणिक मांडणी. ती कायमची पकड देण्याचा आव आणत नाही. कायमची पकड फक्त हाड देऊ शकतं हे तिने मान्य केलं आहे, आणि स्वतःकडे घेतलं आहे ते काही आठवडे न हलण्याचं काम. चाळीस वर्षांत मणी गेले, जाळी आली, स्क्रू आले आणि गेले, मापं बदलली. हे वाटप बदललं नाही. पहिल्या आवृत्तीत ते फसलं तिथे चूक वाटपाची नव्हती, आपल्या वाट्याचं काम ट्रेला नीट जमलं नव्हतं.